परतखोल मिस्त्री

त्याला नाव होतं, पण ते विजेच्या बिलावर येण्यापुरतं. सगळे ड्रायव्हर त्याला परतखोल मिस्त्री म्हणत. गिअरबॉक्स जोडून झाला, बोल्ट आवळले, तेल भरलं, बाकावर बसलेलं गिऱ्हाईक घड्याळाकडे बघायला लागलं, की मिस्त्री हाताने शाफ्ट फिरवून बघायचा. मान जराशी कलती करून ऐकायचा. आणि दहातल्या चार वेळा तरी स्वतःशीच म्हणायचा, "परत खोल." मग सगळे बोल्ट पुन्हा सैल, तेल पुन्हा घमेल्यात, आणि गिऱ्हाईक कपाळाला हात लावून घरी. मिस्त्रीकडे गाडी टाकायची तर अंथरूण-पांघरूण बरोबर न्यावं, असं लोक म्हणत. त्याची बायको म्हणायची, "लग्नाआधी हे मला तीनदा बघायला आले. मला वाटलं, आवडले म्हणून. नंतर कळलं, खातरजमा चालली होती."

तरी लोक जात त्याच्याकडेच. त्याच्या हातून गेलेलं काम पुन्हा उघडायची वेळ सहसा येत नसे. उघडायचं तेवढं तो आधीच उघडून बसलेला असे.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबट शेड. एका भिंतीला जाड फळ्यांचं टेबल, त्यावर लोखंड आवळून धरायचा शेगडा, पत्र्याच्या ट्रे, केरोसीनचा डबा. भिंतीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला तारेत ओवलेल्या, शाफ्टची ढिलाई भरून काढायच्या पातळ चकत्या, जाडीप्रमाणे लावलेल्या. शेडच्या मागच्या दाराने आत गेलं की थेट स्वयंपाकघर. त्यामुळे जेवणाला ग्रीसचा वास आणि ग्रीसला फोडणीचा, अशी वाटणी तीस वर्षं चालत आली होती.

मूल त्यांना झालं नाही. पण मिस्त्रीने एक मूल वाढवलं होतं, ते म्हणजे त्याची धाकटी बहीण. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा आणि ती नऊ. सकाळी कामावर जायच्या आधी तो तिची वेणी घालायचा. शाळेत तिच्या वेणीला खोबरेलाऐवजी गाडीच्या तेलाचा वास येतो म्हणून मुली चिडवायच्या. ती घरी येऊन रडायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याचपुढे पाठ करून बसायची.

मोठी झाल्यावर तिने लग्न केलं ते आपल्या पसंतीने, एका ट्रक ड्रायव्हरशी. मिस्त्रीने आधी नाक मुरडलं, पण दाजी माणूस असा होता की त्याच्यावर फार दिवस रुसता येत नसे. बोलका, हसरा, आणि भिडस्त इतका की पायावर कोणी पाय दिला तर यानेच माफी मागावी. त्यांच्याकडे सैन्याच्या लिलावातून घेतलेला जुना ट्रक होता, चारही चाकं ओढणारा. डोंगरावरच्या वस्त्यांना जाणारा रस्ता खडीचा आणि उभा. दुसरी कुठली जड गाडी तिथे जात नसे. सिमेंट, पाइप, शाळेची बाकं, कोणाचं कपाट, उतरताना कोणी आजारी माणूस, सगळं दाजींच्या ट्रकमधून.

त्या ट्रकचा जीव होता त्याच्या ट्रान्स्फर केसमध्ये. गिअरबॉक्सच्या मागे बसलेली ही बिडाची पेटी. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटून देते, आणि शेजारची छोटी लिव्हर ओढली की लो गिअर पडतो. लो गिअरमध्ये गाडी गोगलगाईसारखी चालते, पण उतारावर इंजिनच तिला धरून ठेवतं, ब्रेकला फारसा पाय लावावा लागत नाही. दाजी डोंगरमाथ्यावर गाडी थांबवायचे, खाली उतरून हातपाय मोकळे करायचे, लो गिअर टाकायचे आणि मगच उतरायला लागायचे. नव्या ड्रायव्हरांना सांगायचे, "चढ इंजिनाचा असतो, उतार अकलेचा."

एका वर्षी ही ट्रान्स्फर गुणगुणायला लागली. मग तेल गळायला लागलं. मग एकदा उतारावर लो गिअर आपोआप सुटला आणि लिव्हर मधल्या घरात, न्यूट्रलमध्ये आली. सपाटी जवळ होती म्हणून निभावलं. दाजी गाडी घेऊन थेट मिस्त्रीकडे आले.

मिस्त्रीने ती खाली उतरवली, उघडली. बेअरिंगांना खड्डे पडलेले, मधला शाफ्ट झिजलेला, चकत्या कागदाएवढ्या पातळ. हे सगळं नवं मिळालं. मिळाली नाही ती स्लीव्ह, म्हणजे आतल्या शाफ्टवर सरकणारी दातेरी कडी. लिव्हर ओढली की हीच कडी सरकून लो गिअरच्या दातांत अडकते. तिच्या दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, आणि गोल झालेला दात भार उलटा आला की घसरतो. गाडी इतकी जुनी की ही कडी दूरच्या शहरातून मागवावी लागणार होती. दीड महिना.

"दीड महिना थांबता यायचं नाही, मेव्हणे," दाजी म्हणाले. "थंडी पडायच्या आत वरच्या वस्तीवर पाण्याचे पाइप पोचवायचेत. लोक डोक्यावरून पाणी आणतात हो."

मिस्त्रीने मग जन्मात केला नव्हता तो प्रकार केला. दगडावर घासून जुन्या कडीच्या दातांना धार आणली. कडी जागेवर राहावी म्हणून पेटीत एक स्प्रिंग आणि तिच्या टोकाशी पोलादी गोळी असते. त्या स्प्रिंगच्या पोटात त्याने आणखी एक बारीक स्प्रिंग कोंबली, म्हणजे पकड घट्ट होईल. जोडून झाल्यावर त्याने शाफ्ट हाताने फिरवला, मान कलती केली. त्याच्या जिभेवर नेहमीचे दोन शब्द आले. पण दाजी तोवर केबिनमध्ये चढून बसले होते.

"कडी आली की निरोप धाडतो. बदलून घ्या," मिस्त्री म्हणाला.

"येतो की," दाजी म्हणाले.

कडी आली. मिस्त्रीने ती तेलाच्या कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. दोनदा निरोप धाडला. दाजींनी दोन्ही वेळा 'पुढच्या आठवड्यात' म्हणून कळवलं. तिसरा निरोप मिस्त्रीने धाडला नाही. काम उरकल्यावर माणसाची भीती कमी होते, तसं त्याचं झालं. शिवाय गाडी रोज वर-खाली करतच होती.

दुरुस्तीनंतर सात महिन्यांनी, स्वच्छ उन्हाच्या सकाळी, कोरड्या रस्त्यावर, दाजींचा ट्रक रिकामी पिंपं घेऊन उतरत असताना तिसऱ्या वळणावरून खाली गेला. माणसं पोचली तेव्हा दाजी संपले होते.

ट्रक दोरखंडांनी वर ओढून आणला. चौकशीला साहेब आले आणि मिस्त्रीला बोलावणं गेलं, कारण गाडी त्याच्या हातची. ब्रेकचे ड्रम तापून निळे पडलेले, आतलं अस्तर जळून कोळसा झालेलं.

"काय वाटतं, मिस्त्री?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्री ड्रमकडे बघत होता. "ब्रेक गेले," तो म्हणाला.

"म्हणजे ब्रेकवरच सोडली गाडी. लो गिअर टाकला नसणार."

मिस्त्री काही बोलला नाही. साहेबांनी लिहून घेतलं.

खोटं असं तो एक अक्षर बोलला नव्हता. ब्रेक गेलेच होते. पण लो गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक जळत नाहीत, आणि दाजी लो गिअर टाकल्याशिवाय उतरत नाहीत, या दोन गोष्टी त्या जागी उभ्या असलेल्या माणसांत त्यालाच सगळ्यांत चांगल्या ठाऊक होत्या. त्याला पेटी उघडून बघावीशी वाटली नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढे जे व्हायचं ते झालं. ट्रक स्टँडवर बोलणं फिरलं, की जगाला उतार शिकवणारा स्वतः मात्र ब्रेकवर आला. कोणी म्हणालं घाई झाली असेल, कोणी म्हणालं डोळा लागला असेल. बहिणीच्याही कानावर ते गेलं. तिने शोक केला, पण त्या शोकात राग मिसळला होता. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती कामाला लागली. मशीनवर बसल्या बसल्या मध्येच तिचा जबडा आवळला जायचा. शेजारणीला वाटायचं, दाढ दुखते. ट्रक तिने घरामागे ताडपत्रीखाली ठेवून दिला. विकलाही नाही आणि बघितलाही नाही.

मिस्त्री दर रविवारी तिच्याकडे जायचा. गळका नळ, मोडकं दार, भाचीच्या सायकलची साखळी, जे दिसेल ते दुरुस्त करायचा. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा. ते ऐकलं की तो हातातलं काम टाकून पाणी प्यायला आत जायचा. फळीवरची कडी त्याने टाकून दिली नाही. खोक्यांच्या मागे सरकवून ठेवली. तिथे ती नऊ वर्षं राहिली.

अपघात झाला तेव्हा भाची तेरा वर्षांची होती. बावीसची झाली तोवर ती डेअरीची गाडी चालवत होती आणि जड वाहनाचं लायसन्स तिच्या खिशात होतं. एके दिवशी ती शेडमध्ये आली, टेबलाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, बाबांचा ट्रक रस्त्यावर आणायचा. वरच्या वस्त्यांना अजून धड गाडी जात नाही. आईला मी कसंबसं तयार केलंय."

मिस्त्रीने सबबी सांगितल्या. सांगाडा वाकलाय, पार्ट मिळणार नाहीत, जुनं लोखंड आहे. तिने सगळ्या ऐकून घेतल्या आणि दोन महिन्यांत सांगाडा सरळ करून आणला, केबिन ठोकून घेतली, इंजिनही चालू करून घेतलं. राहिली ट्रान्स्फर.

"तेवढी दुसरीकडून करून घे," मिस्त्री म्हणाला. "माझे हात आता कापतात."

"सख्खा मामा असताना?" ती हसली. "हात मी देते, डोकं तू दे. आणि ब्रेकची काळजी नको. ते मी स्वतः दोनदा तपासणार. बाबांनी केलं तसं मला करायचं नाहीये."

ती सहज बोलून गेली. मिस्त्री कप्पीची साखळी खाली काढायला लागला.

डेअरीतून तिने दहा दिवसांची सुट्टी काढली. साखळीच्या कप्पीने दोघांनी पेटी खाली घेतली आणि टेबलावर चढवली. तेल काढलं तर ते काळं आणि चकाकतं, झिजलेल्या लोखंडाचा चुरा मिसळलेलं. झाकणाचे बोल्ट भाचीने काढले. मिस्त्रीने आधी बाजूचं बूच काढलं, ज्याच्यामागे ती स्प्रिंग असते. ती तुटलेली बाहेर आली. बाहेरचीचे दोन तुकडे, आतलीचे तीन. एका स्प्रिंगच्या जागेत दोन कोंबल्यावर दर वेळी गिअर टाकताना त्या एकमेकींवर चिरडत राहिल्या आणि शेवटी तुटल्या. कडीही त्याने बोटावर फिरवून बघितली. लो गिअरच्या बाजूचे दात तिरके घासून गेले होते, कडांचे टवके उडाले होते. म्हणजे दाजींनी लो गिअर टाकला होता, आणि गिअरने त्यांना सोडलं होतं.

त्याने तुकडे मुठीत धरले आणि पाठ फिरवून उभा राहिला. भाची केरोसीनमध्ये बेअरिंग धुवत बसली होती. तिला यातलं काही दिसलं नव्हतं. ती आपल्या नादात बोलत होती.

"सुट्टीच्या दिवशी बाबा मला वर घेऊन जायचे ना, तेव्हा उतरताना ही छोटी लिव्हर मी धरायची. दोन्ही हातांनी, पूर्ण उतारभर. ते म्हणायचे, तू माझी पार्टनर, हिला हलू द्यायचं नाही. मी घामाघूम व्हायचे. खाली पोचलो की मला सलाम ठोकायचे."

"कधीपासून?" मिस्त्रीने विचारलं.

"शेवटच्या वर्षी. त्याआधी नाही. आणि मी नसले की रबराच्या ट्यूबची पट्टी बांधायचे लिव्हरला, सीटच्या खालून. मी चिडवायचे, म्हणजे माझ्या जागी पट्टी ठेवलीत का."

मिस्त्रीला सगळं समजलं. दाजींना गिअर सुटतोय हे माहीत होतं. मेव्हण्याने घाईत, आपल्याखातर काम करून दिलं, आता तेच बिघडलंय म्हणून त्याच्या दारात कसं जायचं, या भिडेपायी ते गेले नाहीत. पोरीच्या हातांनी आणि रबराच्या पट्टीने त्यांनी वेळ मारून नेली. हे सगळं आता मिस्त्रीच्या मुठीत होतं. ते उघड केलं तर दाजींच्या नावावरचा डाग जाणार होता. पण पोर शहाणी होती. ती हिशोब मांडणार होती, की ज्या दिवशी गिअर सुटला त्या दिवशी लिव्हर धरायला मी नव्हते.

दुपारी तो पानावर बसला आणि भात चिवडत राहिला. भाची डबा खाऊन बाहेर शेडमध्येच आडवी झाली होती. बायकोने दार लोटून घेतलं आणि समोर बसली.

"काय झालं?"

त्याने सांगितलं. पहिल्या दिवसापासून, फळीवरच्या कडीसकट. ती शेवटी म्हणाली, "नऊ वर्षं माझ्या हातचं जेवलात आणि हे पोटात ठेवलंत."

"आता पोरीला कसं सांगू? तिच्या डोक्यावर जाईल सगळं."

"नाही सांगितलंत तर तिच्या बापाच्या डोक्यावर आहेच," बायको म्हणाली. "मेलेलं माणूस तक्रार करत नाही, म्हणून ओझं त्याच्यावरच ठेवायचं का?" मग तिने त्याच्यापुढचं ताट उचललं. "आधी तिच्या आईकडे जा. पहिला हक्क तिचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बहिणीकडे गेला. ती कामावर निघायच्या तयारीत होती, पिशवी खांद्याला. रविवार नसताना दादा आलेला बघून ती दारातच थांबली. त्याने रुमाल सोडून स्प्रिंगचे पाच तुकडे तिच्या ओट्यावर ठेवले आणि उभ्या उभ्याच बोलला. सांगताना त्याने स्वतःला कुठे सवलत दिली नाही. निरोप मिळूनही दाजी आले नाहीत, हे त्याने सांगितलंच नाही. तिनेच विचारलं.

"तू निरोप धाडले होतेस ना? दोनदा. मला आठवतंय."

"तिसरा धाडला नाही. आणि साहेबांपुढे गप्प बसलो."

बहीण पिशवी खांद्यावरून न काढताच खाली बसली. तिने एक तुकडा उचलला, बघितला, परत ठेवला.

"त्यांनी लो गिअर टाकला होता," ती म्हणाली.

"हो."

"नऊ वर्षं, दादा, मी त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावलेत. भांडी घासताना, मशीनवर, पोरीला ताप आला तेव्हा. तुम्हाला काय घाई होती म्हणून. एवढं शहाणपण सांगता आणि आम्हाला उघड्यावर टाकून गेलात म्हणून. एकदाही धड रडले नाही मी त्यांच्यासाठी." तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर ओढून घेतला. "ते आता परत कसं घेऊ? सांग की. तुला सगळं परत खोलता येतं ना."

ती ओरडली असती, तुकडे अंगावर फेकले असते, तर त्याला सोसलं असतं. ती नुसती बसून राहिली. कारखान्याची वेळ टळून गेली.

तो निघताना ती म्हणाली, "पोरीला मी सांगणार नाही. तिने ते तुझ्याच तोंडून ऐकावं." आणि मग, "रविवारी येऊ नकोस."

भाची शेडमध्ये टेबल पुसून, नवी बेअरिंग ओळीने मांडून वाट बघत होती. मिस्त्रीने तिला तेच सगळं सांगितलं. ती ऐकताना आधी तिचा चेहरा उजळला. "म्हणजे बाबांनी ब्रेकवर नव्हती सोडली," ती म्हणाली. तिने ते दोनदा म्हटलं. दुसऱ्या वेळी म्हणताना ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"म्हणून मला धरायला लावायचे," ती म्हणाली.

"बाळ, ऐक—"

"त्या दिवशी माझी परीक्षा होती. भूगोलाची. मी म्हटलं होतं, पेपरला नको जाऊ का? बाबा म्हणाले, जा."

"तू असतीस तरी सुटला असता," मिस्त्री म्हणाला. "स्प्रिंग तुटल्यावर तो गिअर पहिलवानाच्या हातातही राहिला नसता. तू असतीस तर तूही गेली असतीस. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. दात बघ. हे बघ, इथे."

त्याने कडी तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली, खिडकीपाशी नेऊन उजेडात दाताला दात बघितली. बराच वेळ. मग टेबलावर ठेवून ती निघून गेली. मागच्या दाराने नाही, जिथे मामी उभी होती. पुढच्या दाराने, रस्त्यावर.

दोन दिवस ती आली नाही. पेटी टेबलावर उघडी पडून होती. मिस्त्रीने तिच्यावर स्वच्छ कापड टाकलं आणि दुसरं कुठलं काम हाती घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भाची आली, बाह्या सारल्या आणि म्हणाली, "ती नवी कडी कुठे आहे?"

त्याने खोक्यांच्या मागून काढून दिली. कागद तेलाने पिवळा पडला होता, कडी मात्र आजच बनल्यासारखी लखलखीत. तिने ती त्याच्या हातातून घेतली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

पुढचे चार दिवस दोघं कामापुरतं बोलले. काय कुठे जातं ते त्याने सांगायचं, तिने बसवायचं. मधल्या शाफ्टची ढिलाई घालवायला तिने चकत्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. स्प्रिंग एकच, नवी. झाकण बसवून बोल्ट आवळल्यावर तिने शाफ्ट फिरवला.

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला.

तिने पाना उचलला आणि सगळे बोल्ट पुन्हा काढले. आत बघितलं, बोट फिरवलं, पुन्हा जोडलं. मग आणखी एकदा. त्याच्या शब्दावर तिने विश्वास ठेवला नाही, आणि त्याने तिला अडवलं नाही.

ट्रक रस्त्यावर आला त्या आठवड्यात मिस्त्री स्टँडवर गेला. तिथे दुपारच्या वेळी दहा-बारा ड्रायव्हर असतात. त्याने त्यांना उभ्यानेच सांगितलं, की दाजींनी लो गिअर टाकला होता, चूक माझ्या कामाची होती, आणि तेव्हा मी तोंड उघडलं नाही. लोकांना अवघडल्यासारखं झालं. "जाऊ द्या मिस्त्री, झालं गेलं," एक म्हणाला. दुसऱ्याने चहा पुढे केला. मिस्त्रीने तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, कारण आदल्या दिवशी नसलेले काही जण त्या दिवशी होते. चौकशीचे साहेब कधीच निवृत्त होऊन गावी गेले होते. कचेरीत त्याने लिहून दिलेला कागद एका फाइलीत लागला. त्याचं पुढे काय झालं, कळलं नाही.

गिऱ्हाइकं कमी झाली. जी उरली त्यांतली काही आता बाकावर न बसता टेबलाशी उभी राहून त्याच्या हातांकडे बघत. त्याने त्यांना तसं बघू दिलं. त्याला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. आधी एक गोष्ट मनाला खात होती. आता तीच गोष्ट तिघांच्या मनाला खाते, हे त्याला रोज दिसत होतं. तरी स्टँडवर दाजींचं नाव निघालं की लोक पूर्वीसारखे खांदे उडवत नाहीत, हेही त्याने बघितलं.

भाची एकदा त्याला ट्रकमधून वर घेऊन गेली. वस्तीवर शाळेची दारं आणि खिडक्या उतरवायच्या होत्या. येताना माथ्यावर तिने गाडी थांबवली, लो गिअर टाकला. ट्रान्स्फर एका सुरात चालत होती, कुठे गुणगुण नाही, धक्का नाही. तिसऱ्या वळणाच्या आधी त्याने बघितलं, तिचा एक हात स्टीअरिंगवर होता आणि दुसरा त्या छोट्या लिव्हरवर, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेला.

"नाही सुटणार आता," तो हळूच म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. खाली सपाटी येईपर्यंत तिने हात काढला नाही.

बहीण काही महिन्यांनी घरी यायला लागली. ती स्वयंपाकघरात वहिनीपाशी बसते, भाजी निवडते, कारखान्यातल्या गमती सांगते. मिस्त्री आत आला की ती उठून जात नाही, पण त्याच्याशी थेट बोलत नाही. जे असेल ते वहिनीमार्फत. "वहिनी, दादाचा सदरा उसवलाय, मला दे, शिवून आणते." सदरा शिवून येतो, इस्त्री केलेला. तो घालून मिस्त्री समोर बसतो आणि ती वहिनीकडे बघून बोलते.

मागच्या वर्षी त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कारखान्यात अर्धी रजा टाकून ती आली आणि दवाखान्याच्या बाहेर बाकावर वहिनीशेजारी बसून राहिली. तो डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आला, तेव्हा तिथल्या पाच पायऱ्या त्याला दिसेनात. तिने त्याचं कोपर धरलं आणि एकेक पायरी थांबत त्याला खाली उतरवलं. गाडीत बसवलं, दार लावलं. मग खिडकीतून वाकून वहिनीला म्हणाली, "त्याच्या कानाला वारा लागू देऊ नकोस." आणि दुपारच्या पाळीला उशीर नको म्हणून चालत निघून गेली.